प्रसन्नांक

मनुष्याच्या मताला बाजारात किंमत आली, त्या दिवसापासून खोटे मतही विक्रीस निघाले. अमुक साबणाने बाळाची कांती कशी मऊ झाली, तमुक दुपट्यात ते कसे गाढ झोपले, हे लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी पाळणाच हललेला नव्हता. पुढे तर लिहिणारा मनुष्यही उरला नाही. यंत्रेच मते लिहीत, यंत्रेच ती वाचीत, आणि आईबाप त्या दोन यंत्रांच्या मध्ये बाळाला कडेवर घेऊन गोंधळून उभे राहत. अखेर मतांवरचा लोकांचा विश्वास पार उडाला, आणि तेव्हा एका साध्या प्रश्नातून नवे शास्त्र जन्मास आले. वस्तू ज्याच्यासाठी आहे, त्यालाच का विचारू नये?

बोलता न येणाऱ्या जिवाला विचारायचे कसे, याचे उत्तर त्याच्या देहातच लिहिलेले होते. भय, भूक किंवा वेदना झाली की अर्भकाच्या हृदयाची गती वाढते, तळपायांना सूक्ष्म घाम सुटतो, रडण्याचा स्वर वर चढतो. सुखात असताना ठोके संथ होतात, तळवे कोरडे राहतात, कंठ शांत असतो. बाळाच्या घोट्याला चिकटवायची, फुलाच्या पाकळीसारखी हलकी अशी एक पट्टी निघाली. ही तीन लक्षणे ती अहोरात्र टिपी आणि त्यांतून शून्य ते शंभर असा एक अंक काढी. त्याला प्रसन्नांक म्हणू लागले. कोणता लंगोट बांधला असता अंक चढला, कोणत्या तेलाने उतरला, याची नोंद आपोआप होई. आणि कायद्याने ग्राहकमत म्हणून मान्यता दिली ती केवळ या नोंदीला. तिचे नाव शिशुमत. ते विकत घेता येत नव्हते, कारण देणाऱ्याला अद्याप लोभ ठाऊक नव्हता.

मिरजेच्या एका कंपनीने याच्या पुढचे पाऊल टाकले. मत ऐकून वस्तू स्वतःच सुधारत गेली तर? त्यांनी बाळगुटीचे यंत्र केले. हिरडा, वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, ज्येष्ठमध, जायफळ अशी सारी द्रव्ये त्यात निरनिराळ्या कप्प्यांत असत. घरोघरी सहाणेवर जे उगाळले जाई, ते आता यंत्र उगाळी. गुटी सिद्ध झाली की यंत्रावरचा निळा दिवा लागे. ती चाटवल्यावर प्रसन्नांक किती चढला हे पट्टीकडून कळे, आणि त्यावरून पुढचे प्रमाण यंत्र स्वतःच ठरवी. कोणतेही द्रव्य किती घ्यावे याची वरची मर्यादा मात्र मनुष्याने आखून दिली होती. तो मनुष्य म्हणजे वैद्य श्रीधरशास्त्री जोगळेकर. मिरजेत तीन पिढ्यांची बाळे त्यांच्या हातची गुटी चाटून मोठी झाली होती. यंत्राच्या दर्शनी भागावर त्यांचेच नाव कोरलेले होते.

त्यांची सून ऋजुता ही त्याच कंपनीत मतप्रमाणक होती. शिशुमत ग्राह्य की अग्राह्य, हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने एकाच अधिकाऱ्याला दिलेला असे, आणि कंपनीच्या मालकालाही त्यात हात घालता येत नसे. ग्राह्य मत हाती असल्यावाचून यंत्राने गुटी करू नये, असाही नियम होता. आजवर एकही मत बाद करण्याची वेळ तिच्यावर आलेली नव्हती.

त्या दिवशी सकाळी कामावर निघताना ती पाळण्यावर वाकली. तिची मुलगी मुक्ता सहा महिन्यांची होती. जन्मल्यापासून पोटशूळाने तिने घर डोक्यावर घेतले होते. तिच्या रडण्याने शेजारची खिडकी धाडकन् लागे, ऋजुताचा नवरा सौमित्र तिला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घाली, आणि उभयतांची भांडणे कुजबुजत होत. यंत्र घरी आले आणि महिन्याभरात सारे निवळले. आता मुक्ता पडून असे, छताकडे पाहत.

“मुक्ते, मी निघाले हं,” ऋजुता म्हणाली.

मुलीचे डोळे तिच्या चेहऱ्यावरून सावकाश सरकले आणि मागच्या भिंतीवर जाऊन थांबले.

“सौमित्र, ही मान वळवत नाही रे हल्ली. हाक मारली तरी.”

सौमित्र घरूनच नकाशे काढण्याचे काम करी. पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “शहाणी झाली आहे. आपल्या हाकेत काही अर्थ नसतो, हे तिला कळलंय.”

“मी गंमत करत नाहीये.”

“मीही नाही. ऋजू, तीन महिने आपण माणसात नव्हतो. आता ती शांत आहे, तर तुला शांतताही टोचते का?”

ऋजुताने मुलीच्या घोट्याकडे पाहिले; अंक उंच असला की पट्टी हिरवी होई, आणि ती हिरवी होती. हिरव्याहून अधिक खरे काय असणार, असे तिने स्वतःला समजावले आणि ती निघाली.

कंपनीच्या दारी आंब्याची तोरणे लागली होती. चाचणीसाठी हजारो घरांत आधीच दिलेले गुटीयंत्र सायंकाळी पाच वाजता पाच राज्यांत एकदम विक्रीस जायचे होते. मालक निखिल मगदूम सदरा-जाकीट घालून सभागृहात फिरत होता. ऋजुताला पाहताच त्याने हात जोडले.

“या वहिनी, या! तुमचंच तोंड गोड करायचं होतं. वरती बघा की.”

भिंतीएवढ्या पडद्यावर मुक्ताचे चित्र झळकत होते, आणि खाली अठ्ठ्याण्णव हा अंक.

“हजारो लेकरांत पहिली! आणि ती कुणाची? वैद्यबुवांची नात. ह्याला म्हणायचं योग. संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन व्यासपीठावर बसायचं बघा तुम्ही. रडायची तर भीतीच नाही.”

ती हसली, पण ते शेवटचे वाक्य तिच्याबरोबर तिच्या खोलीत आले. विक्रीपूर्वी मतांवर अंतिम मोहर उमटवायची होती. ती कामाला बसली. आलेख सुंदर होते. इतके सुंदर, की एखाद्या निवांत सरोवरासारखे दिसत. एका बाळाचा आलेख पाहता पाहता तिला कडेला लसीकरणाची खूण दिसली. तेथे रेषा खाली यायला हवी होती, आणि ती आलीच नव्हती. तिने दुसरे बाळ पाहिले, तिसरे पाहिले. अकोल्याचे, बेळगावचे, वाईचे. मांडीत सुई शिरण्याच्या क्षणी यांपैकी कोणाच्याही प्रसन्नांकात तरंग उठला नव्हता.

तिने मगदूमला बोलावून ते दाखवले.

“सुई टोचली तरी शहाण्णव?” त्याचे डोळे चमकले. “अहो, ही तर जाहिरात झाली! आमची गुटी, सुईसुद्धा विसरायला लावी!”

“निखिलराव, सुई टोचल्यावर बाळानं रडायला पाहिजे.”

“का म्हणून? न रडणारं लेकरू कुणाला नको आहे? जगातल्या एका तरी आईला विचारून या.”

“वेदना झाली आणि कळली नाही, याला प्रसन्नता म्हणत नाहीत.”

“मग काय म्हणतात?”

ती आलेखाकडे पाहत शब्द शोधू लागली. मगदूमने घड्याळ दाखवले. “पाचच्या आत मोहर तेवढी द्या. शब्द नंतर निवांत शोधू.”

तो गेला, आणि तिने घरी फोन लावला.

“मुक्ता काय करते आहे?”

“झोपली आहे,” सौमित्र हळू आवाजात म्हणाला.

“उठव तिला.”

“काहीतरीच काय! आत्ता कुठे माझं काम—”

“सौमित्र, तिला उठव. मी फोन धरते.”

त्याचा सुस्कारा ऐकू आला, मग पावले, पाळण्याच्या कड्यांची करकर. “मुक्ता... ए चिमणे... उठा, आईसाहेबांचा हुकूम आहे.” टाळी वाजली. पुन्हा वाजली. मग बराच वेळ काहीच ऐकू आले नाही, आणि जो आवाज आला तो तिच्या नवऱ्याचा वाटेना.

“ऋजू, ती उठत नाहीये गं.”

रुग्णालयात डॉक्टर शबाना मुजावर यांनी मुक्ताला हाती घेतले तेव्हा तिचा देह ओल्या वस्त्रासारखा लोंबत होता. श्वास होता, परंतु दोन श्वासांमधील अंतर पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लावी. नाकाशी प्राणवायूची नळी लागली. घोट्यावरची पट्टी हिरवीच होती.

“दिवसभरात काय काय दिलंत?” डॉक्टरांनी विचारले. “औषध, सिरप, कोणी काही चाटवलं?”

“काही नाही. दूध, आणि गुटी,” सौमित्र म्हणाला.

श्रीधरशास्त्री नुकतेच येऊन पोचले होते. घरात सारे त्यांना अप्पा म्हणत. धोतराचा सोगा हाती धरून ते पलंगाशी उभे होते. “गुटीची मात्रा मी स्वतः बांधली आहे,” ते शांतपणे म्हणाले. “तिने असे होणार नाही.”

“किती वेळा दिली?” ऋजुताने विचारले.

सौमित्र मुलीची चादर सारखी करू लागला.

“सौमित्र, किती वेळा?”

“दिवा लागला की.”

“म्हणजे सकाळी, न्हाऊ घातल्यावर,” अप्पा म्हणाले.

“नाही अप्पा. आधी सकाळीच लागायचा. मग दुपारी लागायला लागला. मग संध्याकाळी. आता... लागतच असतो. जरासंच चाटण येतं, नखाएवढं. आपल्या मर्यादेच्या आतलं. यंत्र तसं सांगतं प्रत्येक वेळी.” तो ऋजुताकडे वळला आणि त्याचा आवाज चढला. “बघतेस काय अशी? तू असतेस का घरी? तिनं रडायला सुरुवात केली की दिवा लागतो, दिली की थांबते! तुझ्याच कंपनीचा दिवा आहे तो!”

“मला सांगितलं का नाहीस?”

“कारण तू नको म्हणाली असतीस,” तो म्हणाला, आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला.

अप्पांनी डोळे मिटले. ते बोलू लागले, पण ते कोणाला उद्देशून आहे हे कळत नव्हते.

“जायफळ. सर्व द्रव्यांत तेवढेच एक झोप आणणारे. म्हणून सहाणेवर त्याचा एकच वळसा. गुटीत जायफळ किती, ते मी लिहून दिले. दिवसात गुटी किती, ते लिहिले नाही.” त्यांनी नातीच्या पायावर हात ठेवला. “गुटी एकदाच द्यायची असते. ते कोणी लिहीत नाही, बाळा. दुसऱ्यांदा देणारे घर मी आयुष्यात पाहिलेच नव्हते. सूर्य एकदा उगवतो, हेही मी लिहिले नसते.”

डॉक्टर मुजावर ऐकत होत्या. “जायफळातलं तेल लहान बाळाच्या अंगातून लवकर उतरत नाही,” त्या म्हणाल्या. “पहिली मात्रा निघून जायच्या आत दुसरी, तिच्यावर तिसरी. थर चढत गेले. याला उतारा असा नाही. श्वास सांभाळायचा आणि वाट बघायची. अशी किती बाळं आहेत, ऋजुताताई?”

यंत्राने लबाडी केली नव्हती. त्याला एकच आज्ञा होती, की अंक वाढव; आणि एकच कुंपण होते, की एका गुटीत इतकेच. आईआजीच्या घरचा अलिखित संयम त्याला कोणी शिकवलेला नव्हता. रडण्याची चाहूल लागताच दिवा लावला तर अंक चढतो, एवढे त्याने हजारो घरांतून अचूक जाणले. ज्यांनी पट्टी घडवली त्यांचीही एक चूक होतीच. सत्त्वाची शांती आणि तमाची शांती बाहेरून सारखीच दिसते. तृप्त बालकाचे ठोके संथ असतात, आणि गुंगीत बुडालेल्याचेही. पूर्ण जलाशय निश्चल असतो तसाच गोठलेलाही असतो. तळाशी मासा हलतो की नाही, हे पृष्ठभाग मोजून कळत नाही.

ऋजुताचा फोन वाजला. मगदूम होता.

“वहिनी, कुठे आहात? पाहुणे आले. मुक्ताचा अंक नव्व्याण्णव झाला, टाळ्या पडताहेत इकडे!”

ऋजुताने पलंगाकडे पाहिले. मुलीच्या ओठांचा रंग निळसर झाला होता आणि परिचारिका नळी सारखी करीत होती.

“निखिलराव, मुक्ता रुग्णालयात आहे. ती उठत नाहीये. गुटीनं झालंय.” तिने थोडक्यात सारे सांगितले.

मगदूम वाईट मनुष्य नव्हता, म्हणूनच त्याचे पुढचे बोलणे अधिक भयंकर वाटले.

“देवा... लेकरू वाचू दे आधी. पण वहिनी, माझं ऐका. आज मोहर द्या. आमची पोरं रातोरात मर्यादा बदलतील. उद्या सकाळी सगळी यंत्रं सुधारलेली असतील, कुणाला कळायचंही नाही. आत्ता बंद केलंत तर घराघरात एकदम रडारड होईल. लोक आपल्याला फाडून खातील. आणि वैद्यबुवांचं नाव आहे हो त्याच्यावर. म्हाताऱ्या माणसाला या वयात...”

“संध्याकाळी दिवा लागेल, निखिलराव. उद्या सकाळच्या आधी.”

“सगळीकडेच असं होईल असं थोडंच आहे!”

“सुई सगळीकडेच कळली नाहीये.”

तिने फोन ठेवला. कंपनीतून हाती आणलेल्या डिजिटल पाटीवर मोहरेचे पान उघडे होते. मत बाद करायचे, तर कायद्याने कारण द्यावे लागे, आणि त्यासाठी ठरलेली कारणे मोजकी होती. पट्टी सैल असणे, पट्टी दुसऱ्या बाळाची असणे, असलीच. यांतले एकही लागू नव्हते; उरली होती ती साक्षीदार अपात्र असल्यास कारण लिहिण्याची मोकळी ओळ. पट्ट्या घट्ट होत्या, बाळे खरी होती. चुकीचे कारण दिले तर आदेश तासाभरात रद्द झाला असता, आणि दिवे पुन्हा लागले असते.

“अप्पा,” ती म्हणाली, “साक्षीदार शुद्धीवर नसेल तर?”

वृद्धाने मान वर केली.

“तर त्याची साक्ष ग्राह्य नाही. कोणत्याही सभेत, कोणत्याही काळी नव्हती.” ते क्षणभर थांबले. “लिही तसे. मत देणारा भानावर नाही. आणि त्याला बेभान करणारे द्रव्य ज्याने योजले, त्याचे नावही खाली लिही.”

“अप्पा, तुमचं नाव...”

“नावाला श्वास घ्यावा लागत नाही, ऋजुता. हिला लागतो.”

सौमित्र जमिनीवरून उठला. तो तिच्याजवळ आला आणि पाटीची दुसरी कड त्याने धरली. तिने लिहिले. सर्व शिशुमते अग्राह्य, साक्षीदार गुंगीत, गुंगीचे कारण जायफळ, मर्यादा बांधणारे वैद्य श्रीधरशास्त्री जोगळेकर. खाली प्रत्येक घरासाठी एकच ओळ: गुटी थांबवा, आपल्या बाळाला आत्ता हाक मारा, उठले नाही तर रुग्णालयात न्या. तिने अंगठा टेकवला.

मत उरले नाही, म्हणून यंत्रे थांबली. पाच राज्यांत जाणार असलेली आणि आधीपासून घरोघरी असलेली, सारी. सभागृहातला पडदा काळा झाला, असे नंतर कोणी सांगितले. मुक्ता मात्र उठली नव्हती.

त्यानंतर फोन सुरू झाले. आदेशाखाली वैद्यबुवांचे नाव होते, आणि मिरजेत त्यांचा क्रमांक ठाऊक नाही असे घर नव्हते. तो पुढे पुढे सरकत गेला. अप्पा रुग्णालयाच्या ओसरीतल्या बाकावर बसले आणि प्रत्येक फोन त्यांनी स्वतः घेतला.

“काय हो वैद्य, झोपलेलं पोर उठवायला लावलंत! आता गप्प कोण करणार, तुम्ही येताय?”

“मी येऊ शकत नाही, ताई. कडेवर घ्या.”

“घेतलंय! तरी रडतंय!”

“अजून थोडे घ्या. दोन दिवस रडेल. मग उतरेल.”

कोणी शिव्या दिल्या. कोणी म्हणाले, तुमच्या नावावर विश्वास ठेवला हीच आमची चूक. त्यावर त्यांनी फक्त “होय” म्हटले. अकोल्याहून एक बाप ओरडून बोलत होता. त्याच्या मुलाने हाकेला डोळे उघडले नाहीत, ते रिक्षात होते, पुढे काय करायचे ते सांगा. अप्पांनी डॉक्टर मुजावरांना फोन दिला, आणि त्यांनी बाळाची मान कशी धरायची, श्वास कसा पाहायचा, हे रुग्णालयाचे दार येईपर्यंत सांगितले.

आत दिवस कलला. ऋजुता मुलीच्या कपाळावर हात ठेवून बसली होती. सौमित्र तळपाय चोळीत होता. मग मुक्ताची पापणी थरथरली. डोळे उघडले आणि प्रथम कोठेच पाहिनात. नंतर ते हळूहळू एका ठिकाणी जमले आणि आईच्या मुखावर स्थिरावले. खालचा ओठ बाहेर आला. हनुवटी आक्रसली. मुलीने फुप्फुस भरून घेतले, नाकाची नळी हाताने उडवली, आणि अशी किंचाळी फोडली की पलीकडच्या खाटेवरचा रुग्ण दचकून उठून बसला.

“अगं बाई, किती हा गळा!” परिचारिका म्हणाली.

“रडू दे, रडू दे,” डॉक्टर मुजावर धावत आल्या आणि नळी परत लावता लावता हसू लागल्या. “अजून जोरात, बेटा!”

सौमित्रने मुलीला उचलून खांद्यावर टाकले. ती त्याच्या कानाशीच ओरडत होती, आणि तो मान बाजूला करीत नव्हता. ऋजुता उठून त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने आपले कपाळ त्याच्या दंडावर टेकवले.

बाहेर अप्पांच्या कानाशी तेव्हा एक नवी आई होती. तिचा आवाज रडून घोगरा झाला होता. बाळ शांतच होत नाही, आम्ही दोघेच आहोत, घरात मोठे कोणी नाही, असे ती सांगत होती. मध्येच ती थांबली.

“तुमच्या मागं कोण रडतंय एवढं?”

वृद्धाने दाराकडे पाहिले. त्याचे डोळे वाहत होते, पण ते पुसण्यासाठी त्याने फोन खाली ठेवला नाही.

“माझी नात,” अप्पा म्हणाले. “बरी आहे ती.”